जगभरातले नवे अंडरग्राउंड मेटल अल्बम: मुंबईत बसून शोधायचे, ऐकायचे आणि विकत घ्यायचे कसे

२०१५ च्या जुलैपासून जगभर नवा अल्बम काढायचा वार शुक्रवार ठरला आणि तेव्हापासून सगळा पूर एकाच दिवशी येतो. फिनलंडचं डेथ मेटल, चिलीचं थ्रॅश, पोलंडचं ब्लॅक मेटल, सिंगापूरचं ग्राइंडकोर, मेटल या जड, कर्कश रॉकचे हे सगळे प्रकार एकदम. त्यातले बरेच अल्बम ठीकठाक असतात, काही टाकाऊ असतात आणि दोन-चार असे निघतात की वर्षभर पुरून उरतात. ते दोन-चार हाताला कसे लागतील, एवढाच या लेखाचा विषय आहे.

माझी पद्धत सरळ आहे: नावांचा माग काढायचा. ड्रमर कोण, लेबल (म्हणजे अल्बम काढणारी कंपनी) कुठलं, मिक्सिंग कुणी केलं, कव्हर कुणाचं. स्ट्रीमिंग अ‍ॅप तुम्ही काल ऐकलेल्यासारखंच आज पुन्हा वाढतं. नावं मात्र तुम्हाला ज्या गावाचं नावही ऐकलेलं नाही तिथे नेऊन सोडतात.

पायरी १: एका आवडत्या अल्बममधून नावं काढा

उदाहरण घेऊनच दाखवतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इंकँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. हा बँड आता फारसा अंडरग्राउंड उरलेला नाही, सेंच्युरी मीडियासारख्या मोठ्या लेबलवर आहे. पण सुरुवात करायला यासारखा दुसरा अल्बम मला दिसत नाही. दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग, सगळं मिळून पाऊण तासाच्या आत. 'द स्टारगेट'च्या दुसऱ्या भागात टँजरीन ड्रीम या जुन्या जर्मन इलेक्ट्रॉनिक गटातला थॉर्स्टन क्वेश्निंग सिंथेसायझर वाजवतो. रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतलं, निर्माता आर्थर रिझ्क.

आता वही घ्या. आर्थर रिझ्क हे पहिलं नाव. टेक्सासच्या पॉवर ट्रिपचा 'नाइटमेअर लॉजिक' (२०१७) यानेच घडवला होता, म्हणजे थ्रॅशकडे जाणारी एक वाट इथेच सापडली. मग वादक पाहा. गाणारा गिटारवादक पॉल रीडल, दुसरा गिटारवादक मॉरिस कोलोन्टिर्स्की आणि बेसवाला जेफ बॅरेट हे तिघंही स्पेक्ट्रल व्हॉइस नावाच्या दुसऱ्या बँडमध्ये आहेत. तिथे ड्रम वाजवता वाजवता गाणारा चौथा माणूस वेगळा आणि संगीतही वेगळं: संथ, दमट, खोल भुयारातून येणारं डूम-डेथ. त्यांचा 'स्पॅरॅग्मॉस' फेब्रुवारी २०२४ चा, डार्क डिसेंट लेबलचा. उरला ड्रमर आयझॅक फॉल्क. तो वेफेअररमध्ये वाजवतो, जिथे ब्लॅक मेटलमध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातला उजाडपणा शिरलेला आहे. एक अल्बम उलटून पाहिला तर तीन बँड आणि एका शहराचा अख्खा गोतावळा हाती आला.

असाच माग टोरोंटोच्या टूम मोल्डचा काढता येतो. त्यांचा गिटारवादक डेरिक व्हेला ड्रीम अनएंडिंग या जोडीत आहे, जोडीतला दुसरा जस्टिन डीटोर आणि तो पुन्हा इन्न्युमरेबल फॉर्म्समध्ये. टूम मोल्डचा 'द एंड्युअरिंग स्पिरिट' (२०२३) ऐकून लगेच ड्रीम अनएंडिंगचा 'साँग ऑफ सॅल्व्हेशन' (२०२२) लावा. हात तोच, पण वेग उतरलेला आणि सूर हळवा. डेथ मेटल ऐकताना डोळे भरून येऊ शकतात हे ज्यांना पटत नाही त्यांना मी हाच अल्बम देतो.

पायरी २: मेटल आर्काइव्ह्ज नीट वाचायला शिका

एन्सायक्लोपीडिया मेटलम असं लांबलचक नाव असलेली ही साइट २००२ पासून आहे आणि सगळे तिला मेटल आर्काइव्ह्ज म्हणतात. माहिती चाहतेच भरतात, लाखाहून जास्त बँड नोंदवलेले आहेत. बहुतेक जण तिथे जाऊन फक्त अल्बमची यादी पाहतात आणि परत येतात. खरा माल बाकीच्या कोपऱ्यांत आहे.

बँडच्या पानावर देश, गाव, स्थापनेचं वर्ष, प्रकार, गाण्यांचे विषय आणि लेबल असतं. सदस्यांच्या यादीत प्रत्येक नावाखाली त्याचे बाकीचे बँड दिलेले असतात. वर जो माग काढला तो इथे चार क्लिकमध्ये निघतो. शेजारीच मिळत्याजुळत्या बँडची यादी असते, ती वाचकांच्या मतांवर बनते. पहिली दोन-तीन नावं तुम्हाला माहीत असणारच, यादीच्या मधल्या भागापासून पाहायला लागा. येऊ घातलेल्या अल्बमांचंही स्वतंत्र पान आहे, ते गुरुवारी रात्री चाळलं की दुसऱ्या दिवशीची तयारी होते. परीक्षणांच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नका. दोनच माणसांनी गुण दिलेले असतात, एकाने शंभर आणि दुसऱ्याने दहा.

सगळ्यात आनंदाचा भाग म्हणजे देश निवडून हिंडणं. तुर्कस्तान निवडा, इस्तंबूलचा डायबोलायझर सापडेल. त्यांच्या २०२१ च्या 'खाल्केडोनियन डेथ'मध्ये ज्या खाल्केडॉनचं नाव आहे ते म्हणजे आजच्या काडिकॉयचं प्राचीन नगर. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा फेसलेस बेरिअल. सिंगापूरचा वर्मरॉट, ज्यांनी 'हिस' (२०२२) मध्ये ग्राइंडकोरच्या तडाख्यात व्हायोलिन आणलं आणि ते शोभूनही दिसलं. श्रीलंकेचा जेनोसाइड श्राइन्स. मग भारत निवडा आणि गावं पाहा: मुंबईचे डेमॉनिक रेझरेक्शन, गटस्लिट आणि झिग्नेमा, हैदराबादचा गॉडलेस, कोलकात्याचा टेट्राग्रामासाइड. डेमॉनिक रेझरेक्शनच्या २०१७ च्या 'दशावतार' अल्बममध्ये मत्स्य, कूर्म अशी अवतारांवरची गाणी आहेत. घरात कुणी 'हे काय लावलंयस' असं विचारलं तर गाण्याचं नाव सांगून बघा, संभाषण पुढे सरकतं.

पायरी ३: चार-पाच लेबलं निवडा आणि त्यांच्यावर विश्वास टाका

अंडरग्राउंडमध्ये लेबल म्हणजे बहुतेकदा एक माणूस, त्याची आवड आणि घरात रचलेली पार्सलं. त्यामुळे लेबलची चव ओळखता येते. सगळ्या लेबलांच्या मागे लागलात तर पुन्हा पुरात सापडाल, चार-पाच पुरेत.

मुंबईकराने पहिलं नाव लिहावं ते ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी. हे लेबल आपल्या शहरातलं आणि त्यावर जगभरचे बँड आहेत: नॉर्वेचा डिस्कॉर्ड, ब्राझीलचा जुपिटेरियन, न्यू जर्सीचा रेप्लिकंट. रेप्लिकंटचा 'इन्फिनिट मोर्टॅलिटी' (२०२४) ऐकाच, वाकडेतिकडे रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) असूनही मान आपोआप हलते. हे लेबल आपल्या बँडांचे नमुना-संग्रहही काढतं. एका बैठकीत डझनभर देशांचे आवाज कानावरून जातात, नवख्या माणसाला यापेक्षा सोपी सुरुवात नाही.

पुढे आपापल्या आवडीप्रमाणे. जुन्या वळणाचं डेथ मेटल हवं तर अमेरिकेतली डार्क डिसेंट आणि ट्वेंटी बक स्पिन. चौकटीबाहेरचं, जड, विचारात पाडणारं हवं तर कॅनडाचं प्रोफाउंड लोर. कच्चं, खरखरीत, डेमोच्या वळणाचं हवं तर जर्मनीचं आयर्न बोनहेड. विचित्र आणि कलात्मक हवं तर इटलीचं आय व्हॉइडहँगर. ब्लॅक मेटलची नवी वळणं हवी असतील तर फ्रान्सचं डेबेमूर मोर्ती. आणि आपल्याकडच्या, श्रीलंकेकडच्या काळ्याकुट्ट आवाजासाठी बेंगळुरूचं सायक्लोपिअन आय.

परीक्षणं वाचायचीच असतील तर अँग्री मेटल गाय आणि नो क्लीन सिंगिंग या दोन जागा मला पुरतात. पहिल्या ठिकाणी पाचपैकी तीन गुण म्हणजे अल्बम चांगला असं धरतात, त्यामुळे तीन पाहून नाक मुरडू नका. दुसऱ्या ठिकाणी रविवारी ब्लॅक मेटलचं सदर येतं.

पायरी ४: बँडकॅम्पचं पान वरपासून खालपर्यंत पाहा

नवा अल्बम सापडला की तो बँडकॅम्पवर, म्हणजे बँड आणि लेबलं जिथे आपलं संगीत थेट विकतात त्या साइटवर, उघडायचा. पान असं वाचा. डावीकडे गाणी, एखादं गाणं आधीच निवडून ठेवलेलं असतं, प्ले दाबलं की तेच वाजतं. बँडला स्वतःला कुठलं गाणं पुढे करावंसं वाटलं हे त्यावरून कळतं. मी मात्र ते सोडून तिसरं-चौथं गाणं आधी लावतो, कारण कमजोर अल्बमचं पाणी तिथेच जोखता येतं. खाली श्रेयनामावली असते. मास्टरिंग कुणी केलं, चित्र कुणाचं, सगळं तिथे; वहीत उतरवा. त्याच्याही खाली टॅग असतात, त्यात शहराचं नाव असतं. 'मुंबई' टॅगवर क्लिक करून पाहा.

आता कव्हरच्या खाली नजर टाका. तिथे छोट्या छोट्या चौकोनांत अल्बम विकत घेतलेल्या लोकांची चित्रं दिसतात, काहींनी दोन ओळींचं मतही लिहिलेलं असतं. ज्याने हा अल्बम पैसे देऊन घेतला त्याच्या चित्रावर क्लिक केलं की त्याचा अख्खा संग्रह उघडतो. तुमच्याकडचे पाच-सहा अल्बम ज्याच्या संग्रहात आहेत असा माणूस गाठा आणि त्याच्याकडे आहे पण तुमच्याकडे नाही ते ऐका. ओसाका किंवा सान्तियागोमधल्या कुणा अनोळखी माणसाची आवड तुमच्याशी इतकी जुळते की नवल वाटतं. माझे उत्तम शोध याच वाटेने लागले आहेत.

आवडलेला अल्बम इच्छायादीत टाका आणि बँडला व लेबलला फॉलो करा, म्हणजे पुढचा अल्बम आला की ईमेल येईल. पूर्ण अल्बम बहुतेकदा फुकट ऐकता येतो; काही वेळा ऐकल्यावर आता विकत घ्या अशी सूचना येते, ती रास्तच आहे.

पायरी ५: ऐकणं

इथे घाई करू नका. आठवड्याला एक नवा अल्बम, पण पूर्ण, क्रमाने आणि निदान तीनदा. एक्स्ट्रीम मेटल पहिल्यांदा ऐकताना मेंदूला सगळं एकदम पेलत नाही. म्हणून प्रत्येक फेरीला एकच गोष्ट धरा.

पहिल्या फेरीत ड्रम. यासाठी ऑकलंडच्या अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' (जून २०२४, डेबेमूर मोर्ती) लावा. ड्रमर जेमी सेंट मेरॅट रेकॉर्डिंग-मिक्सिंगही करतो आणि चित्रंही काढतो. ब्लास्ट बीट सुरू झाला की स्नेअर आणि बास ड्रम एकामागोमाग इतक्या वेगाने पडतात की सलग गुरगुर ऐकू येते. त्या वेळी कान झांजांकडे न्या. ठेका तिथे सापडतो. हाताखाली कितीही वेग असला तरी झांज कित्येकदा मोजता येईल अशा गतीने चालते. एकदा ते पकडलं की गोंगाट उलगडतो आणि तबल्याची द्रुत लय ऐकून तयार झालेल्या कानांना तर हे लवकर जमतं.

दुसऱ्या फेरीत गिटार. रिफ किती वेळा येतो, परत येताना काय बदलतं, बेस वेगळा ऐकू येतो का. स्वीडिश वळणाचा तो करवतीसारखा आवाज ओळखायला शिका: स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत ८०-९० च्या दशकांच्या सांध्यावर बॉस कंपनीच्या एचएम-२ या गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची सगळी बटणं पूर्ण फिरवून तो घडला आणि एंटूम्डच्या 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) मुळे जगभर गेला. आजही दर शुक्रवारी निदान एक बँड तो आवाज वापरत असतो. तिसऱ्या फेरीत गळा. ग्रोल, म्हणजे तो गुरगुरता आवाज, कंठातल्या खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर असलेल्या आभासी पट्ट्यांतून येतो. शब्द कळत नसले तर बँडकॅम्पवर गाण्यांचे बोल पाहा, बऱ्याच बँडांनी दिलेले असतात.

लोकलमध्ये नवा अल्बम पहिल्यांदा ऐकू नका, हे मी आग्रहाने सांगतो. गाडीचा खडखडाट मुख्यतः खालच्या सुरांत असतो आणि डेथ मेटलचा जीवही तिथेच. बेस आणि बास ड्रम गाडीच्या आवाजात बुडतात, मग आपण आवाज वाढवतो आणि कानांचं नुकसान करून घेतो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. प्रवासात ओळखीचे अल्बम ऐका, किंवा ज्यात मधले सूर पुढे असतात असं थ्रॅश. नव्या अल्बमसाठी घरची रात्र ठेवा. भिंतीपलीकडे शेजारी असतात, तेव्हा कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन घ्या. इअरफोनच वापरायचे असतील तर सिलिकॉनची टोकं आपल्या कानाच्या मापाची बसवा. टोक सैल बसलं की पहिला बेस जातो, आणि लोक दोष अल्बमच्या रेकॉर्डिंगला देतात.

पायरी ६: पैसे देण्याआधी बँड काय बोलतो ते पाहा

ब्लॅक मेटलच्या कडेला नाझी विचारांचे बँड आहेत. मेटल आर्काइव्ह्जवर गाण्यांच्या विषयांत बऱ्याचदा ते सरळ लिहिलेलं असतं. नसेल तर बँडने कुणाबरोबर स्प्लिट (दोन बँडांचं सामाईक रेकॉर्ड) काढलाय आणि लेबलवर आणखी कोण आहे ते पाहा, दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. वंशद्वेष विकणाऱ्यांना मी एक रुपयाही देत नाही, त्यांचे रिफ कितीही चांगले असोत.

पायरी ७: पैसे कसे आणि केव्हा द्यावेत

स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलं गेलं त्याला मानधनच नाही. अंडरग्राउंड बँडांची कितीतरी गाणी या रेषेखाली राहतात. म्हणजे तुम्ही वर्षभर आवडीने ऐकलं तरी त्या ड्रमरच्या हातात काही पडत नाही. म्हणून अल्बम विकत घ्या. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं, पैसे हस्तांतराचा खर्च वेगळा, बाकी सगळं बँडचं किंवा लेबलचं.

मार्च २०२० पासून बँडकॅम्प फ्रायडे सुरू आहे. त्या दिवशी साइट आपला हिस्सा सोडते. आता तो दर महिन्याला नसतो, तारखा आधी जाहीर होतात. दिवस मोजला जातो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने: तिकडे उन्हाळी घड्याळ असतं तेव्हा आपल्याकडे शुक्रवारी दुपारी १२:३० ला सुरू होऊन शनिवारी १२:३० ला संपतो, हिवाळ्यात तेच १:३०. शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाताना खरेदी उरकलीत तर हिस्सा कापला जाणारच, जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा.

कार्ड किंवा पेपॅल लागतं. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. चलन बदलण्याचं शुल्क बँक लावतेच, म्हणून एकेक अल्बम घेण्यापेक्षा महिन्याची यादी करून एकदम घ्या, हिशेब सोपा राहतो. 'तुम्हाला वाटेल ती किंमत' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे शून्य टाकता येतं. विद्यार्थी असाल तर खुशाल टाका, पगार सुरू झाला की त्याच बँडकडे परत जा. डाउनलोडसाठी फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) निवडा आणि दुसरी प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा.

पायरी ८: सीडी, कॅसेट, एलपी मागवताना

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून दुकानात जाऊन मेटलचे अल्बम चाळत बसायची जागा शहरात जवळपास उरली नाही. माहीमच्या द रिव्हॉल्व्हर क्लबमध्ये रेकॉर्ड मिळतात, पण परदेशी अंडरग्राउंड अल्बम बहुधा मागवावाच लागतो. एलपीचा टपालखर्च कधीकधी एलपीइतकाच होतो. कॅसेट आणि सीडी परवडतात. एकाच लेबलवर दोघा-तिघा मित्रांनी मिळून मागवलं तर खर्च वाटून जातो.

टपालाने आलेली पार्सलं बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून सीमाशुल्क तपासणी होऊन पुढे येतात. शुल्क लागलं तर पोस्टमन ते घेऊन पार्सल देतो. बिल फोनमध्ये ठेवा, किमतीचा प्रश्न निघाला तर दाखवता येतं. ट्रॅकिंग नसलेलं टपाल स्वस्त असतं, पण मी ते घेत नाही. एलपी मागवताना विक्रेत्याला लिहा की तबकडी जॅकेटबाहेर ठेवून पाठवा. नाहीतर वाटेत ती आतून आदळत राहते आणि जॅकेटची कड फाटते. जून ते सप्टेंबर मागवत असाल तर प्लॅस्टिकचं वेष्टन मागा. घरी आल्यावर कॅसेट आणि रेकॉर्ड भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात मुंबईच्या भिंती ओलावा धरतात आणि फितीवर पांढरी बुरशी चढते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदला.

पायरी ९: गिगला जा

१९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा संगीत महोत्सव भरायचा आणि मुंबईच्या कितीतरी मेटलवाल्यांचा पहिला मॉश पिट, म्हणजे मंचापुढची धक्काबुक्की करत नाचणारी गर्दी, तोच. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज असल्याने तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन थंडावलं. तेव्हापासून गिग शहरभर फिरत राहिले आहेत, जागा उघडतात आणि बंद होतात. म्हणून जागेऐवजी बँडांना आणि आयोजकांना इन्स्टाग्रामवर फॉलो करा, तारीख तिथेच कळते. मोकळ्या मैदानात रात्री दहाच्या नियमामुळे कार्यक्रम वेळेत आटपतो, बंद हॉलमध्ये लांबतो, तेव्हा शेवटची लोकल पाहून ठेवा. पिटमध्ये कुणी पडलं की आधी त्याला उचलायचं, हा सगळीकडचा नियम.

मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. चिमटीत फिरवून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानात टेकवलेला प्लग काहीच अडवत नाही. मर्चचं, म्हणजे बँडच्या विक्रीच्या वस्तूंचं, टेबल पहिल्या बँडच्या आधीच गाठा. कार्यक्रम संपल्यावर तिथे झुंबड उडते आणि मोठ्या मापाचे टी-शर्ट तोवर संपलेले असतात.